प्रवाळ पांढरे पडले हे सगळ्यांनी पाहिलं, पण रीफवरचा ‘सफाईवाला’ मासा कुठे गेला?

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्याजवळ लिझार्ड आयलंड नावाचं एक छोटं बेट आहे. केर्न्स शहरापासून उत्तरेला साधारण २७० किलोमीटर. पर्यटकांसाठी हे एक महागडं ठिकाण, पण ग्रेट बॅरियर रीफवर काम करणाऱ्या संशोधकांसाठी ही पंढरीच. १९७३ पासून इथे ऑस्ट्रेलियन म्युझियमचं संशोधन केंद्र चालतं. रीफवरच्या माशांबद्दल आज जे काही माहिती आहे, त्यातला मोठा भाग याच बेटाभोवतीच्या पाण्यातून आलाय.

२०२४ च्या सुरुवातीला, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात, हे पाणी तापलं. संशोधकांनी ड्रोन उडवून वरून फोटो काढले. काही महिन्यांनी त्याच जागेचे पुन्हा काढले. दोन्ही फोटो शेजारी ठेवल्यावर हिशोब निघाला तो असा, की पाहणी केलेल्या भागातले सरासरी ९२ टक्के प्रवाळ मेले होते. आकडा जगभर छापून आला. पांढऱ्या पडलेल्या प्रवाळांचे फोटो इन्स्टाग्रामवर फिरले.

पण याच बेटाभोवती काही वर्षांपूर्वी आणखी एक मोजणी झाली होती. ती प्रवाळांची नव्हती, बोटभर लांबीच्या एका माशाची होती. लागोपाठ आलेली दोन चक्रीवादळं आणि २०१६ ची उष्णतेची लाट, एवढं होऊन गेल्यावर या माशांची संख्या ८० टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. त्या आकड्याची फारशी चर्चा झाली नाही. खरं तर व्हायला हवी होती, कारण या माशाचं काम बाकीच्या सगळ्या माशांशी जोडलेलं आहे.

हा मासा नेमका करतो काय?

त्याचं नाव क्लीनर रॅस. शास्त्रीय नाव लॅब्रॉइड्स डिमिडिएटस. निळसर अंग, नाकापासून शेपटीपर्यंत जाणारा एक काळा पट्टा, आणि लांबी जास्तीत जास्त १४ सेंटिमीटरच्या आसपास. तांबड्या समुद्रापासून आणि पूर्व आफ्रिकेपासून पार पॅसिफिकमधल्या बेटांपर्यंत तो सापडतो. आपल्याकडे लक्षद्वीप आणि अंदमानातही आहे.

त्याचं एक ठरलेलं ठिकाण असतं. संशोधक त्याला ‘क्लीनिंग स्टेशन’ म्हणतात. गावातल्या सलूनसारखाच प्रकार. खुर्ची जागेवर, गिऱ्हाईक चालत येणार. इथे गिऱ्हाईक म्हणजे रीफवरचे इतर मासे. ते येतात, पाण्यात स्थिर होतात, कुणी तोंड वर करून तर कुणी खाली करून उभं राहतं, काही जण रंगसुद्धा बदलतात. मग क्लीनर त्यांच्या अंगावरून फिरतो आणि अंगाला चिकटलेले परजीवी टिपून खातो. कल्ल्यांच्या आत शिरतो, तोंडातही जातो. गिऱ्हाइकांमध्ये पोपट मासा असतो, सर्जनफिश असतो, आणि कोकणात ज्याला हेकरू किंवा गोब्रा म्हणतात तो शिकारी ग्रुपरही असतो. हा ग्रुपर एरवी एवढा मासा एका घासात गिळेल, पण इथे मात्र जबडा उघडून शांत उभा राहतो.

‘फाइंडिंग निमो’ पाहिला असेल तर त्यातल्या फिशटँकमधला जॅक आठवत असेल. तो मासा नव्हता, क्लीनर कोळंबी होती, पण धंदा तोच. कॅरिबियन समुद्रात हेच काम गोबी जातीचे छोटे मासे करतात. आणि हो, मॉलमधल्या फिश स्पामध्ये पायाला गुदगुल्या करणारे मासे हे नव्हेत. ते गॅरा रूफा, तुर्कस्तानाकडचे, गोड्या पाण्यातले. ते माणसाची मेलेली कातडी खातात. क्लीनर रॅसचं गिऱ्हाईक खाऱ्या पाण्यातलं आणि त्याचा मेनू वेगळा.

समुद्रातली गोचीड

मेन्यूवरचा मुख्य पदार्थ म्हणजे नॅथिड. हा कोळंबी-खेकड्याच्या मोठ्या कुळातला, आयसोपॉड गटातला जीव. लांबी दोन-तीन मिलिमीटर. गाईम्हशींच्या अंगावरची गोचीड ज्याने पाहिली आहे त्याला नॅथिड समजावून सांगायला फार वेळ लागणार नाही. मासा जवळून गेला की हा त्याला चिकटतो, रक्त पितो, पोट टम्म फुगलं की गळून पडतो आणि तळाशी जाऊन कात टाकतो. असं तीनदा. मग तो प्रौढ होतो, आणि प्रौढ झाल्यावर काहीच खात नाही. म्हणजे आयुष्यभराचं जेवण लहानपणीच उरकून घेतो, आणि तेही दुसऱ्याच्या रक्तावर.

मोठ्या माशाला दोन-चार नॅथिडनी मोठा फरक पडत नसेल. पण उघड्या समुद्रातून नुकतंच रीफवर आलेलं पिल्लू एक-दीड सेंटिमीटरचं असतं. त्याच्या अंगावर एक नॅथिड बसला तरी त्याचं पोहणं मंदावतं आणि जगण्याची शक्यता कमी होते, हे लिझार्ड आयलंडवरच्या प्रयोगांत दिसलंय. माणसाच्या बाळाच्या पाठीवर उंदराएवढा डास बसलाय अशी कल्पना करा.

आता क्लीनरच्या कामाचा आवाका बघा. क्वीन्सलँड विद्यापीठाच्या अलेक्झांड्रा ग्रटर यांनी १९९६ मध्ये याचा हिशोब मांडला. एक क्लीनर दिवसात सरासरी २,२९७ मासे तपासतो आणि सुमारे १,२१८ परजीवी खातो. सूर्योदय ते सूर्यास्त अशी बारा तासांची ड्युटी धरली तर तासाला जवळपास दोनशे गिऱ्हाइकं होतात. मुंबईतल्या कुठल्याही ओपीडीला लाजवेल असा हा वेग.

तरीही कित्येक वर्षं शास्त्रज्ञांना खात्री नव्हती

या गोष्टीची सुरुवात एका अमेरिकन पाणबुड्यापासून होते. कॉनरॅड लिंबॉ हा स्क्रिप्स संस्थेत काम करणारा जीवशास्त्रज्ञ. त्याने बहामाजमधल्या दोन छोट्या रीफवरून सफाई करणारे सगळे जीव काढून टाकले. काही दिवसांतच मासे कमी झाले, आणि दोन आठवड्यांत जागा न सोडणारे मासे वगळता जवळपास सगळे निघून गेले. जे उरले त्यांच्या अंगावर पांढरे डाग, सूज आणि जखमा दिसू लागल्या. हे सगळं त्याने ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिलं. १९६१ मध्ये लेख छापून आला तेव्हा लिंबॉ हयात नव्हता. आदल्या वर्षी फ्रान्समध्ये पाण्याखालच्या एका गुहेत त्याचा मृत्यू झाला होता.

लेख गाजला. मग इतरांनी तोच प्रयोग हवाईत करून पाहिला, आणि तिथे काहीच झालं नाही. क्लीनर काढले तरी मासे जागेवर. लिंबॉच्या प्रयोगात तुलनेसाठी, म्हणजे काहीही न छेडता सोडलेली, दुसरी रीफ नव्हती, ही त्यातली मोठी उणीवही होतीच. पुढची कित्येक वर्षं वाद चालू राहिला. काहींचं म्हणणं असं होतं की सफाई वगैरे सगळं ठीक आहे, पण माशांना खरी गोडी आहे ती मालिशची. क्लीनर आपल्या परांनी गिऱ्हाइकाची पाठ चोळतो, ते त्याला आवडतं, म्हणून तो येतो.

मालिशचा मुद्दा अगदीच खोटा नाही. २०११ मध्ये संशोधकांनी क्लीनरची हलती प्रतिकृती बनवून ती सर्जनफिशच्या टाकीत ठेवली. तिला अंग घासता आलेल्या माशांमधलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं हार्मोन, कमी झालेलं आढळलं. पण केवळ मालिशसाठी एवढी मोठी व्यवस्था टिकेल का, हा प्रश्न होताच.

त्याचं उत्तर १९९९ मध्ये मिळालं. ग्रटर यांनी मासे पिंजऱ्यात ठेवले. काही पिंजरे क्लीनर असलेल्या रीफवर, काही क्लीनर काढून टाकलेल्या रीफवर. मग अंगावरचे नॅथिड मोजले. क्लीनर नसलेल्या ठिकाणी ते साधारण चौपट निघाले.

त्यानंतर २००३ मध्ये दोन अभ्यास आले. लिझार्ड आयलंडजवळ १८ महिने क्लीनर दूर ठेवलेल्या रीफवर, एका रीफवरून दुसऱ्या रीफवर फिरणाऱ्या माशांच्या जाती निम्म्यावर आल्या आणि त्यांची एकूण संख्या एक चतुर्थांश उरली. दुसरा अभ्यास रेडुआन ब्शारी यांचा, इजिप्तमधल्या रास मोहम्मद नॅशनल पार्कमधला. तिथे त्यांनी क्लीनर आपणहून येण्याजाण्याचे परिणाम पाहिले. नवा क्लीनर आला की काही आठवड्यांतच त्या जागी माशांच्या जाती वाढायच्या. पण क्लीनर गेला, तर घट दिसायला ४ ते २० महिने लागायचे.

हे ४ ते २० महिने लक्षात ठेवण्यासारखे आहेत. हवाईतल्या त्या जुन्या प्रयोगांना काहीच का सापडलं नाही, याचा एक अंदाज यातून बांधता येतो. आणि उष्णतेच्या लाटेनंतर लगेच केलेल्या पाहणीत काय निसटू शकतं, याचाही.

सगळ्यात लांबलेला प्रयोग साडेआठ वर्षं चालला. लिझार्ड आयलंडच्या काही छोट्या रीफवर येणारा प्रत्येक क्लीनर सतत काढून टाकायचा आणि शेजारच्या रीफ तशाच ठेवायच्या. २०११ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. क्लीनर नसलेल्या रीफवर कायम मुक्कामी असलेले मासे ३७ टक्क्यांनी कमी होते, त्यांच्या जाती २३ टक्क्यांनी कमी होत्या. काही जातींचे मासे आकारानेही लहान राहिले. ये-जा करणाऱ्या माशांची पिल्लं ६५ टक्क्यांनी कमी. आणि शेवाळ खाणारे सर्जनफिश तब्बल ६६ टक्क्यांनी कमी. हा शेवटचा आकडा पुढे पुन्हा लागणार आहे.

हा सफाईवाला वाटतो तेवढा साधा नाही

इथपर्यंत गोष्ट सरळ वाटते. एकाला जेवण, दुसऱ्याला सफाई. पण क्लीनरला खरं तर नॅथिडपेक्षा गिऱ्हाइकाच्या अंगावरचा बुळबुळीत थर, म्हणजे म्युकस, जास्त आवडतो. तो थर माशासाठी संरक्षक असतो, त्याचा लचका गेला की मासा झटका देतो. पाण्याखाली तासन् तास बसलेले संशोधक हे झटकेच मोजतात. झटका दिसला की नोंद करायची: इथे फसवणूक झाली.

मग क्लीनर कायमच का फसवत नाही? कारण गिऱ्हाईक चिडून पाठलाग करतं, किंवा उठून दुसऱ्या स्टेशनवर जातं. शिकारी माशाला तर तो सहसा फसवतच नाही, त्याचं कारण उघड आहे. २००६ मध्ये ब्शारी आणि ग्रटर यांनी दाखवलं की पुढचं गिऱ्हाईक रांगेत उभं राहून पाहत असेल तर क्लीनर जास्त इमानदारीने काम करतो. गुगलवर रेटिंग पडणार आहे हे माहीत असलेल्या हॉटेलवाल्यासारखं.

रांगेचाही हिशोब असतो. एकाच स्टेशनच्या आसपास राहणाऱ्या माशाला दुसरा पर्याय नसतो. मोठ्या भागात फिरणाऱ्या माशाला मात्र दोन-तीन स्टेशनं उपलब्ध असतात. दोघं एकाच वेळी आले तर क्लीनर फिरत्या माशाला आधी घेतो, घरचं गिऱ्हाईक थांबतं. नंबर पोर्ट करतो म्हटल्यावर मोबाइल कंपनी ज्याला लगेच ऑफर देते त्याच्यासारखं हे आहे. वर्षानुवर्षं मुकाट बिल भरणाऱ्याला असा फोन येत नाही.

घरातही राजकारण आहेच. एक नर आणि त्याच्या भागात अनेक माद्या. दोघांनी मिळून एका गिऱ्हाइकाची सफाई करताना मादीने लचका तोडला आणि गिऱ्हाईक निघून गेलं, तर नर तिच्या मागे धावून तिला शिक्षा करतो. त्याचं जेवण हातचं गेलं ना! गंमत म्हणजे नर मेला तर सगळ्यात मोठी मादी नर बनते आणि कारभार हाती घेते. हे १९७२ मध्येच नोंदवलं गेलंय.

एवढा हिशोब ठेवायला डोकं लागतं. प्रयोगशाळेत याची एक परीक्षा घेतात. दोन रंगांच्या ताटल्या, दोन्हींत सारखंच खाणं. एक ताटली कायम राहणार, दुसरी मात्र आधी तिच्याकडे गेलं नाही तर उचलली जाणार. आधी उचलली जाणारी ताटली खाल्ली तर दोन्ही मिळतात. २०१२ च्या एका अभ्यासात प्रौढ क्लीनर हे कॅप्युचिन माकडं, चिंपांझी आणि ओरांगउटानपेक्षा सरस ठरले. जपानी संशोधकांनी तर २०१९ मध्ये आरशाची परीक्षा घेतली, आणि अंगावरची खूण आरशात पाहून क्लीनर ती खरवडून काढायला गेले. त्याचा अर्थ काय लावायचा यावर शास्त्रज्ञांत अजून भांडण आहे, ते इथे बाजूला ठेवू.

मुद्दा असा की ही हुशारी हवेत तयार झालेली नाही. भरपूर गिऱ्हाइकं, भरपूर स्टेशनं, सतत कुणीतरी पाहतंय, अशा गजबजलेल्या बाजारात ती उपयोगी पडते.

२०१६ नंतर बाजार बसला

लिझार्ड आयलंडला २०१४ मध्ये इटा आणि २०१५ मध्ये नेथन ही चक्रीवादळं धडकली. मागोमाग २०१६ मध्ये एल निनोच्या वर्षी समुद्र तापला आणि प्रवाळ पांढरे पडले. स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल विद्यापीठाच्या झेगनी ट्रिकी, ब्शारी आणि सहकाऱ्यांकडे या जागेची आधीची मोजणी होती. त्यांनी पुन्हा मोजलं. क्लीनर ८० टक्क्यांनी घटले होते, आणि गिऱ्हाईक माशांच्या तुलनेत ही घट फार मोठी होती.

म्हणजे सलूनं बंद पडली, पण डोकी तेवढी कमी झाली नाहीत. मग जे होतं तेच झालं. उरलेल्या क्लीनरकडे गर्दी वाढली. गिऱ्हाइकांनी चोखंदळपणा सोडला, कारण उठून जायचं तरी कुठे? आणि क्लीनरला हवं ते गिऱ्हाईक निवडायची मुभा मिळाली.

खरा धक्का प्रयोगशाळेत बसला. तीच ताटल्यांची परीक्षा, त्याच बेटाजवळचे क्लीनर. पूर्वी पास होणारी ही जात आता नापास होत होती. कुणी पाहत असताना नीट वागायचं, हेही त्यांना जमत नव्हतं. २०१८ मध्ये हा अभ्यास ‘ग्लोबल चेंज बायोलॉजी’त प्रसिद्ध झाला. यावरून मासे अचानक मठ्ठ झाले असं समजायचं कारण नाही. स्पर्धाच उरली नाही तर नाव जपायचं कशासाठी आणि कोणासमोर? संख्या पुन्हा वाढली तर वागणंही कदाचित पूर्वपदावर येऊ शकेल. पण त्यासाठी आधी संख्या वाढायला हवी.

आणि मधल्या काळात समुद्र थांबला नाही. ग्रेट बॅरियर रीफवर २०१६ नंतर २०१७, २०२०, २०२२, २०२४ अशी मोठ्या प्रमाणावर प्रवाळ पांढरे पडण्याची वर्षं आली. २०२५ मध्ये उत्तरेकडच्या भागात पुन्हा तेच. ब्शारींचे ते ४ ते २० महिने आठवा. एका धक्क्याचा परिणाम पूर्ण दिसायच्या आत दुसरा येतोय.

यात एक गुंतागुंत आहे, ती लपवणं बरोबर नाही. गरम पाण्याचा फटका नॅथिडनाही बसतो. लिझार्ड आयलंडवर उष्णतेच्या लाटांच्या काळात त्यांची संख्या घटल्याची नोंद आहे. मग सफाईवाले कमी आणि घाणही कमी, हिशोब बरोबर झाला असं म्हणायचं का? इतकं सोपं नाही. जिवंत प्रवाळ स्वतः नॅथिड टिपून खातात, त्यामुळे जिवंत प्रवाळाजवळ नॅथिड टिकत नाहीत. ते सापडतात मेलेल्या प्रवाळांवर आणि त्यांच्या तुकड्यांच्या ढिगाऱ्यात. लाट ओसरली, पाणी थंड झालं, की लिझार्ड आयलंडसारख्या ठिकाणी असा ढिगारा भरपूर असतो. नॅथिडचं आयुष्य छोटं आणि पिढ्या झटपट वाढणाऱ्या. क्लीनरला मात्र आधी उघड्या समुद्रात पिल्लू म्हणून तरंगायचं, मग जागा शोधायची, मग मोठं व्हायचं. शर्यतीत कोण आधी परतेल, याचा अंदाज बांधायला फार कष्ट पडत नाहीत.

याचा प्रवाळांशी काय संबंध?

आता तो ६६ टक्क्यांचा आकडा. प्रवाळ मेला की त्याच्या सांगाड्यावर शेवाळ चढतं. शेवाळ वाढलं की प्रवाळांच्या नव्या पिल्लांना चिकटायला जागा उरत नाही. ही जागा मोकळी ठेवतात सर्जनफिश आणि पोपट मासे, दिवसभर शेवाळ कुरतडून. रीफ सावरणार की हिरवट गालिचा होऊन बसणार, हे बऱ्याच अंशी या चरणाऱ्या माशांवर ठरतं. आणि क्लीनर नसलेल्या रीफवर ये-जा करणारे सर्जनफिश दोन तृतीयांशांनी कमी आढळले होते. ज्यांना दुसरीकडे जाता येतं, ते जातात.

ते प्रयोग निरोगी रीफवरचे होते, होरपळलेल्या रीफवरचे नव्हते, हे खरं. पण दिशा स्पष्ट आहे. प्रवाळ सावरायला चरणारे मासे लागतात, आणि चरणाऱ्या माशांना सफाईवाला.

तरी चर्चा जवळपास संपूर्णपणे ‘कोरल कव्हर’ या एका आकड्याभोवती फिरते, म्हणजे तळाचा किती टक्के भाग जिवंत प्रवाळांनी व्यापलाय. ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्सने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं की उत्तर भागात हे प्रमाण एका वर्षात ३९.८ वरून ३० टक्क्यांवर आलं. जगभरात, जानेवारी २०२३ पासून सुरू झालेल्या लाटेत, ८४ टक्के रीफ क्षेत्राला प्रवाळ पांढरे पडण्याइतकी उष्णता सोसावी लागली. हे आकडे महत्त्वाचे आहेतच. पण नर्सरीत प्रवाळ वाढवून समुद्रात लावण्याचे जे प्रकल्प ठिकठिकाणी चालू आहेत, त्यांचं यशही याच एका आकड्यात मोजलं जातं. इमारत बांधली, नळाला पाणी आहे का ते कुणी पाहिलं नाही, असा हा प्रकार होऊ शकतो.

हवामान बदल थांबवणं एखाद्या देशाच्या मत्स्य खात्याच्या हातात नाही. पण क्लीनर पकडून विकणं थांबवणं नक्कीच आहे. क्लीनर रॅस हा अ‍ॅक्वेरियमच्या बाजारात सर्रास विकला जातो. ‘टँकमधले बाकीचे मासे साफ ठेवतो’ म्हणून लोक घेतात. २००३ मध्येच संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालाने या जातीचं नाव घेऊन सांगितलं होतं की ती बंद टाकीत नीट जगत नाही, तरी मोठ्या प्रमाणावर विकली जाते. दिवसाला दोन हजार गिऱ्हाइकं पाहणाऱ्या माशाला दहा माशांच्या टाकीत पोट भरता येत नाही, यात नवल ते काय? घरात समुद्री अ‍ॅक्वेरियम असेल आणि दुकानदाराने हा मासा सुचवला, तर नाही म्हणता येतं.

बंदिस्त जागेत ही व्यवस्था कशी कोसळते याचं मोठं उदाहरण नॉर्वेत आहे. सॅमनच्या शेतीत माशांच्या अंगावर समुद्री उवा पडतात. औषधांना त्या दाद देईनात म्हणून कंपन्यांनी लम्पफिश आणि रॅस जातीचे सफाई करणारे मासे कोट्यवधींच्या संख्येने पिंजऱ्यांत सोडले. त्यातले प्रचंड संख्येने मेले. पिंजऱ्यात ना गिऱ्हाइकाला उठून जाता येतं, ना सफाईवाल्याला. टीका वाढल्यावर हा वापर कमी होत गेला.

आणि लक्षद्वीप?

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांचे लक्षद्वीपमधले स्नॉर्कलिंगचे फोटो आले आणि ‘मालदीव की लक्षद्वीप’ यावर सोशल मीडियावर आठवडाभर युद्ध चाललं. पुण्या-मुंबईच्या ट्रॅव्हल कंपन्यांकडे चौकशीचे फोन वाढले ते तेव्हापासून. त्यानंतर चारच महिन्यांनी, मे २०२४ मध्ये, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने सांगितलं की लक्षद्वीपमध्ये प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडलेत. ऑक्टोबर २०२३ पासून तिथलं पाणी नेहमीपेक्षा गरम होतं. ही बातमी ट्रेंड झाली नाही.

लक्षद्वीपच्या रीफने १९९८, २०१० आणि २०१६ असे तीन मोठे धक्के आधीच खाल्ले होते. नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या संशोधकांनी अगत्ती, कदमत आणि कवरत्ती या बेटांची २४ वर्षांची नोंद तपासली. १९९८ मध्ये सुमारे ३७ टक्के असलेलं जिवंत प्रवाळांचं प्रमाण २०२२ पर्यंत १९ टक्क्यांच्या आसपास आलं होतं. म्हणजे २०२४ च्या लाटेआधीच निम्मं. शेवाळ खाणारे मासे इथे किती टिकून राहतात, यावर या रीफचं पुढचं बरंच काही ठरणार आहे, आणि त्या माशांची सफाई करणारा तोच निळा-काळा मासा इथेही आहे.

तिथे डायव्हिंगला जाणाऱ्यांना तो सहज दिसू शकतो. एका जागी वरखाली, वळवळत नाचल्यासारखा पोहणारा छोटा मासा आणि त्याच्यासमोर तोंड उघडून ताटकळलेले दोन-तीन मोठे मासे, एवढी खूण पुरे. मात्र एक सावधगिरी. फॉल्स क्लीनर नावाचा एक ब्लेनी मासा हुबेहूब तसाच दिसतो. तो सफाईच्या बहाण्याने जवळ येतो आणि पराचा लचका तोडून पळतो. कोण खरा ते ओळखायचं तर तोंड पाहायचं. खऱ्या क्लीनरचं तोंड अगदी पुढे असतं, नकली माशाचं थोडं खाली.

लिझार्ड आयलंडचे ते ९२ टक्के ड्रोनच्या फोटोंवरून मोजले गेले होते. वरून पांढरा प्रवाळ दिसतो, दहा सेंटिमीटरचा मासा दिसत नाही. तो मोजायला कुणीतरी पाण्यात उतरून, टेप लावून, मीटर-मीटरने पोहावं लागतं. २०१६ नंतर कुणीतरी तसं पोहलं होतं, म्हणून तो ८० टक्क्यांचा आकडा आज हाताशी आहे.